गाऱ्हाणे त्याच्याच दारी

प्रिय बेटा,

गुरुवारच्या प्रार्थनासभेनंतर चपला घालताना तू मला म्हणालास, "मावशी, मी प्रार्थनेला बसतो तेव्हा मला खोटे बोलल्यासारखे वाटते." चार माणसे भोवती होती म्हणून मी तुझा हात नुसता दाबला आणि रिक्षात बसले. घरी आल्यापासून मात्र तेच वाक्य डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

तुझा विश्वास गेला आहे असे मला वाटत नाही, आणि तो कसा वाढवावा हे सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. देव आहे, तो ऐकतो आणि ख्रिस्त आपल्यासाठी दुःख सोसून गेला, हे तू लहानपणापासून मानत आला आहेस आणि आजही मानतोस. तुझी अडचण वेगळी आहे. आठवड्यातून तीनदा वडिलांना डायलिसिसला नेतोस, चार-चार तास त्या खुर्चीशेजारी बसतोस, त्यांचा हात काळानिळा झालेला पाहतोस, आणि संध्याकाळी सभेत उभा राहून "पिता, हम तेरा धन्यवाद करते हैं" एवढेच म्हणतोस. ते शब्द तुझे नाहीत, म्हणून ते खोटे वाटतात. तुझे शब्द कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. ते तू तुझ्या बहिणीला फोनवर सांगतोस, रात्री छताकडे बघत स्वतःशी म्हणतोस, गुरुवारी मला म्हणालास. ज्याला सांगायचे त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगून झाले आहे. बेटा, गाऱ्हाणे त्याच्याच दारी न्यावे. मला एवढेच सांगायचे आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तुला कोणी तरी म्हणाले की तक्रार करणे हा अविश्वास आहे. असे म्हणणाऱ्याने पवित्र शास्त्रातली स्तोत्रसंहिता नीट वाचलेली नाही. दीडशे स्तोत्रांपैकी निदान एक तृतीयांश स्तोत्रे रडगाणी आहेत, आणि मंडळीने ती उपासनेत गावीत म्हणूनच ती तिथे ठेवलेली आहेत. तेरावे स्तोत्र काढ. अवघी सहा वचने. पहिल्या दोनच वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा विचारला आहे: तू मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार, मी मनात कोठवर झुरायचे, शत्रूने कोठवर वरचढ व्हायचे. त्यानंतर मागणे येते आणि सर्वांत शेवटी भरवसा. आपण काय करतो? शेवटची दोन वचने आधी म्हणतो, आणि पहिली चार गिळून टाकतो. मग ती घशात अडकतात आणि प्रार्थना खोटी वाटू लागते. यात नवल काय आहे?

मुलेबाळे, धन, आरोग्य सगळे गमावलेल्या ईयोबाचेही तेच. कोणाच्याही अंत्यविधीला "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे वचन म्हटले जाते. ते पहिल्या अध्यायातले आहे. पुस्तकाला बेचाळीस अध्याय आहेत. तिसऱ्यात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि पुढे देवालाच समोर बोलावून जाब विचारतो. त्याचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची बाजू सावरायला सुरुवात केली. नीट बघ, ते तिघे सगळा वेळ देवाविषयी बोलतात, देवाशी त्यांच्यापैकी एकही एक शब्द बोलत नाही. ईयोब मात्र बोलतो, ओरडतो, पण वळून वळून देवाशीच. आणि शेवटी परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही नाही. एवढे स्पष्ट लिहिलेले असताना आपल्या सभांमध्ये त्या मित्रांचीच भाषणे पुन्हा का ऐकावी लागतात, हे मला आजवर कळलेले नाही.

आता माझे सांगते. हे मी मंडळीत कधी सांगितलेले नाही.

१९९६ साली माझ्या यजमानांना घशाचा कर्करोग झाला. पावसाळ्यात शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज गेला. मुलांची जुनी पाटी होती, तिच्यावर ते खडूने लिहून बोलत. आमच्या घरी रात्री वचन वाचण्याची पद्धत होती. माझे आजोबा नगरकडून इंदुरात आले तेव्हा सोबत मराठी पवित्र शास्त्र घेऊन आले होते, आणि चर्चमध्ये हिंदी चालत असले तरी घरात वाचन मराठीतूनच होई. एका रात्री मी पुस्तक उघडले तेव्हा त्यांनी पाटीवर "८८" एवढेच लिहिले. मला ते स्तोत्र ठाऊक होते. सगळ्या स्तोत्रांत ते सर्वांत काळे आहे; त्याच्या शेवटी आशेची एक ओळ नाही, मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच काळोख हा आहे. मी पदराने पाटी पुसली आणि धीर देणारे तेविसावे वाचले. दुसऱ्या रात्री त्यांनी पुन्हा तेच लिहिले. मी म्हणाले, "असले मनात आणू नका, आपण बरे होण्यासाठी प्रार्थना करतो आहोत", आणि एक्क्याण्णवावे वाचले. तिसऱ्या रात्री त्यांनी पाटी हातात घेतली नाही.

त्या रविवारी मी उभी राहून साक्ष दिली की माझे यजमान शांत आहेत आणि विश्वासात स्थिर आहेत. लोकांनी हालेलुया म्हटले. दिवाळीच्या आधी ते गेले. मरणाची भीती वाटणाऱ्या माणसाला देवासमोर ती भीती बोलून दाखवायची होती, त्याला आवाज नव्हता म्हणून त्याने माझा आवाज मागितला, आणि मी तो दिला नाही. मी तेव्हा चाळीस वर्षांची शिकलेली बाई होते, शाळेत मुलांना वाचायला शिकवत होते.

त्यानंतर दीड वर्ष मी एक रविवार चुकवला नाही आणि एकदाही प्रार्थना केली नाही. पुढे कधी तरी मी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचायला घेतले, त्यांच्यासाठी म्हणून, उशिराने. वाचता वाचता एक गोष्ट दिसली. हा माणूस तीन वेळा सांगतो की मी तुला हाक मारतो आहे: रात्रंदिवस, दररोज, सकाळी उठल्याबरोबर. मित्र दुरावले, प्रकाश नाही, उत्तर नाही, तरी हा त्याच एका दाराशी उभा आहे. ज्याने देवाला सोडले आहे तो असे कशाला करील? गाऱ्हाणे त्याच्याच दारी नेणे हाच त्याचा विश्वास होता, त्याच्याजवळ तेवढाच उरला होता, आणि तेवढा शास्त्रात नोंदवण्याइतका पुरला. मला त्या दिवशी काही उत्तर मिळाले नाही. आजही मिळालेले नाही. पण मी पुन्हा बोलू लागले.

आपण मराठी माणसांनी तरी या बाबतीत इतके संकोची असू नये. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, जनाबाईने त्याला तोंडावर शिव्या दिल्या, आणि कोणी त्यांना अभक्त म्हटले नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक स्वतः सांगत की आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. आणि ज्या पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र मराठीत उतरवले, त्यांचे आयुष्य आठव: दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत नवरा गेला आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी गेली. विलापगीताची पाने मराठीत लिहिताना त्या बाईला शब्द शोधावे लागले नसतील असे मला वाटते. म्हणून तुला सांगते, सभेत हिंदीत कर, पण घरी प्रार्थना मराठीत कर, ज्या भाषेत तू चिडतोस त्या भाषेत.

गेथशेमाने बागेत प्रभूने तीन वेळा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. दुःखाचा प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" पुत्राला जे बोलण्याची मुभा होती ते आपण बोललो तर देव रागावेल, ही शिकवण कोणाची आहे ते मला सांग. प्रभूची तर नाही.

एका गोष्टीवर मात्र मला तुझाच राग आला आहे. उपास करून एकदा डायलिसिस चुकवा आणि देव काय करतो ते पाहा, असा सल्ला तुला मिळाला आणि तू त्यावर "विचार करतो" म्हणालास. विचार कसला करतोस? एक फेरी चुकली तर अंगात पाणी आणि पोटॅशियम साचते आणि ते हृदयावर बेतते, हे तुला तिथल्या परिचारिकेने दहा वेळा सांगितले असेल. प्रेषित पौलाच्या सोबत लूक होता, तो वैद्य होता. तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी असताना मागे ठेवले, आणि त्याचा विश्वास कमी पडला असे एका अक्षराने म्हटले नाही. स्वतःच्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. याकोबाने आपल्या पत्रात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, ती अवश्य करून घे; पण डायलिसिसहून परत आल्यावर.

माझ्याविषयी तुला लोक काय सांगतात ते मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान मुलीच्या मातीला एकाने तिच्या आईला सांगितले की देवाला हे फूल हवे होते, आणि मी तिथेच, खड्ड्याच्या काठावर, "असे देवाने कुठेही म्हटलेले नाही" असे मोठ्याने बोलले. मंडळीत बरीच नाराजी झाली. म्हातारी कडवट झाली आहे असे म्हणू लागले. वेळ चुकली असेल, आवाज चढला असेल. त्या आईला माझे बोलणे बरे वाटले की जखमेवर मीठ वाटले, तेही मी तिला विचारू शकले नाही. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा बोलेन. एका माणसाचा काळोख मी पदराने पुसलेला आहे. दुसऱ्याचा कोणी माझ्या समोर पुसू लागला तर मला गप्प राहता येणार नाही.

तर आजपासून असे कर. रात्री दार लावून पाच मिनिटे बस. धन्यवादाने सुरुवात करू नकोस. त्या दिवशी जे सर्वांत जास्त खुपले ते त्याला सांग: सुई दोनदा टोचावी लागली, बाबा पाण्यासाठी रडले, महिन्याअखेर पैसे पुरणार नाहीत, तू कुठे आहेस. आणि शब्दच सुचले नाहीत तर नुसता बस. आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे, ते याच वेळेसाठी आहे. भरवशाची वचने येतील तेव्हा येतील. तेराव्या स्तोत्रातही ती पाचव्या वचनात येतात.

शनिवारी तुमची पाळी सकाळची आहे ना? मी येते. पलासियाहून मला बस मिळेल, तू न्यायला येऊ नकोस. आजोबांचे ते पवित्र शास्त्र घेऊन येते, अक्षर मोठे आहे. बाबांना मी विचारीन की काय वाचू, आणि ते जे सांगतील तेच वाचीन. मी नसेन त्या दिवशी तू विचार. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे मागितले तर घाबरू नकोस, शेवटच्या शब्दापर्यंत वाच, आणि तिथे थांबून त्यांचा हात धरून बस.

तुझी,
मावशी
इंदूर