ग्रेड १ फॅटी लिव्हर आलंय, त्रास काहीच नाही. पुढं तपासायला हवं का?

तुमचं वय ४८, सोनोग्राफीत ग्रेड १, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल. माझं मत: हो, तपासा, पण आधी हातातले रिपोर्टच नीट बघा.

मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा माझ्याही रिपोर्टात शेवटी हीच ओळ होती. डॉक्टर म्हणाले, "निम्म्या कोल्हापूरला असतंय, तेलकट कमी करा." दारूचा थेंब घेत नाही, त्यामुळं मीही फाईल कपाटावर टाकली. गंगावेशीतलं धारोष्ण दूध आणि मिसळीचा जादा कट, दोन्ही चालूच.

ग्रेड म्हणजे लिव्हरमध्ये चरबी किती दिसली, एवढंच. खरी भीती असते लिव्हर आतून कडक होण्याची, फायब्रोसिसची. ते साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला दिसत नाही आणि एसजीपीटी नॉर्मल असूनही असू शकतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या जुन्याच रिपोर्टाच्या पाठीवर पेनानं फिब-४ काढला, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा. वय ५२ गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखीच दुसरी रक्ततपासणी) ३५, म्हणजे १८२०. खाली प्लेटलेट १७५ हजार गुणिले एसजीपीटी ३६ चं वर्गमूळ ६, म्हणजे १०५०. भागाकार १.७३. गंमत बघा, यातला एकही आकडा लॅबनं ठळक केलेला नव्हता! १.३ च्या खाली आला तर सहसा चिंता नसते, दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढायचा. २.६७ च्या वर गेला तर थेट लिव्हरचे डॉक्टर. मधल्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. (पस्तिशीच्या आत हे गणित फारसं भरवशाचं नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात.)

फायब्रोस्कॅनला तीन तास उपाशी जायचं. उजवा हात डोक्याखाली घेऊन झोपवतात, बरगड्यांच्या मधे टिचकी मारल्यासारखं दहा-बारा वेळा होतं, दुखत नाही. माझा कडकपणाचा आकडा ९.२ आला, ८ च्या आत हवा. वजन ८४ वरून ७७ केलं, रंकाळ्याला रोज फेरी, वर्षानं ७.१.

साखर तपासलीय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मधुमेह असेल तर ग्रेड कितीही असो, फिब-४ काढाच.