मृगाला पेरलं, पावसानं दगा दिला: आता सोयाबीन करावं का?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर): आठ एकर कोरडवाहू सोयाबीन आहे. मृगात पाऊस झाला म्हणून लगेच पेरलं, मग वीस दिवस उघडीप. दुबार पेरणी केली, तर काढणीच्या वेळी पावसात शेंगांना कोंब फुटले. सोयाबीन बंद करावं का?

उत्तर: बंद करू नका. आठही एकर एकाच दिवशी, एकाच वाणाचं पेरणं मात्र बंद करा. पाऊस आता पूर्वीसारखा वाटून पडत नाही. आठ दिवसांचा एका रात्रीत कोसळतो, मग तीन आठवडे तोंड दाखवत नाही. अशा वेळी सगळं रान एकाच अवस्थेत असलं की पावसाचा एकच खंड सगळ्याला मारतो.

नक्षत्र बघून चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरणीला लागू नका. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊ द्या. वीतभर खोलची माती मुठीत दाबा; लाडू वळला तर पेरा, भुगा झाला तर थांबा. शेजाऱ्यानं पेरलं की आपलाही जीव खालीवर होतो, ते मला ठाऊक आहे. पण पेरणी १५ जुलैपर्यंत चालते. पेरणीआधी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरे. दाणा ३-४ सें.मी.पेक्षा खोल नको.

पेरणी रुंद वरंबा सरीवर करा, म्हणजे रुंद गादीवर पिकाच्या ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी. खंडात सरीतली ओल कामी येते, अतिवृष्टीत तीच सरी पाणी बाहेर काढते. असं पेरणारं यंत्र मिळालं नाही तर चार ओळींनंतर एक ओळ मोकळी ठेवा आणि कोळप्याला (तण काढायच्या अवजाराला) दोरी गुंडाळून तिथं सरी पाडा.

निम्म्या रानात परभणी कृषी विद्यापीठाचा एमएयूएस-१५८ हा वाण घ्या, त्याच्या शेंगा सहसा तडकत नाहीत. उरलेल्यात वेगळ्या मुदतीचा वाण घ्या, म्हणजे सगळी काढणी एकाच पावसात सापडणार नाही. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ठेवाच. सोयाबीन हातचं गेलं तरी तूर रानात उभी असते.

फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना उघडीप पडली तर कोळपणी करून भेगा बुजवा. जमिनीत थोडी ओल असताना १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे विद्राव्य खत १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारा, तेही ऊन उतरल्यावर.

ताडपत्री काढणीआधीच आणून ठेवा. ढग आल्यावर दुकानात गर्दी होते.