‘मुळं’ नको, ‘अंग’ घ्या

प्रश्न : अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या ‘सदर्न अ‍ॅव्हेन्यू’ बँडच्या ‘फॅमिली’ (२०२५) या अल्बमवर लिहायचं आहे. ‘गॉस्पेल आणि आत्मसंगीताची मुळे असलेला, भावंडांच्या बँडचा ब्लूज अल्बम’ असं लिहिलं, पण कानाला खटकतं. काय चुकलं?

उत्तर : आधी ‘मुळे असलेला’ काढा. ही इंग्रजीची वीण आहे. गाण्याबद्दल बोलताना आपल्याकडे ‘अंग’ हा फार नेमका शब्द तयार आहे : ठुमरी अंगाची गायकी, ध्रुपद अंगाचा आलाप, गायकी अंगाची सतार. त्याच चालीवर ‘गॉस्पेल अंगाचा ब्लूज’ म्हणा, अगदी सहज बसतं. (गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगायन, आणि ब्लूज हा त्यांच्याच लोकगायनातून आलेला प्रकार.)

मात्र ‘अंग’ हे ऐकू येणाऱ्या ढंगाबद्दल बोलतं, इतिहासाबद्दल नाही. एका अक्षरावर पाच-सहा सूर फिरवत नेणं, मुख्य गळ्याच्या ओळीला बाकीच्यांनी उत्तर देणं, ऑर्गनचा भरणा, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडणारी टाळी हे रेकॉर्डवर असेल तरच तो शब्द वापरा. गायिका लहानपणी चर्चमध्ये गायच्या एवढंच सांगायचं असेल, तर ‘चर्चच्या तालमीतला गळा’ पुरे. हे दोन अर्थ एकत्र केले की वाचक अल्बममध्ये भलतंच शोधत बसतो.

बाकीच्यांच्या त्या उत्तर देण्याला ‘झील धरणं’ म्हणायचा मोह होतो. पोवाड्यातला झीलकरी बहुधा शाहिराचे शेवटचे शब्द उचलतो किंवा ठरलेला ‘जी जी’ धरतो. गॉस्पेलमध्ये कोरस तीच ओळ परतवतो, तसंच वेगळी ओळही टाकतो. परतवणं असेल तिथे झील, वेगळं उत्तर असेल तिथे सवाल-जवाब.

‘आत्मसंगीत’ तर नकोच. मूळ शब्द ‘सोल’, आणि ते संगीतप्रकाराचं नाव आहे. भाषांतर केलं की ते अध्यात्माकडे झुकतं आणि सोलच्या रेकॉर्डसाठी गाजलेला मेम्फिसचा स्टॅक्स स्टुडिओ डोळ्यांपुढून नाहीसा होतो. गॉस्पेलचंही तेच. शब्दाचा अर्थ शुभवर्तमान, मराठी बायबलमध्ये ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ आहेच; पण गाण्याला शुभवर्तमान म्हणत नाहीत. ‘भजन’ म्हटलं, तर नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती भजनांची चाल आठवते, आणि ती परंपरा पूर्ण वेगळी.

‘भावंडं’ चूक नाही, पण सगळ्या मुली असताना मराठी माणूस ‘बहिणी’च म्हणतो. इथे जॅक्सन बहिणी आहेत, आणि गिटारवर मुख्य गायिकेचा नवरा. म्हणून ‘जॅक्सन बहिणींचा बँड’ लिहा, गिटारवाल्याचं नातं पुढच्या वाक्यात द्या. एकूण वाक्य असं होईल : ‘मेम्फिसच्या जॅक्सन बहिणींचा हा ब्लूज अल्बम, अंग गॉस्पेलचं आणि सोलचं.’

‘ब्लूज’ मराठीत पुल्लिंगी एकवचनी चालवा : ब्लूज गायला, ब्लूजचा ठेका. इंग्रजी स्पेलिंगमधल्या शेवटच्या ‘एस’मुळे अनेकवचन करू नका.

आणि कुठे ‘बारा मात्रांचा ब्लूज’ लिहिलं असेल तर दुरुस्त करा, वाचक थेट एकतालात जाईल. ते बारा बार आहेत; बार म्हणजे ठोक्यांचा एक गट. नेहमीच्या चालीत बारला चार ठोके, म्हणजे एका कडव्याला ४८. ओळी तीन, प्रत्येकीला चार बार, आणि दुसरी ओळ बहुधा पहिलीच पुन्हा.