लेखकांची स्वतःची नाती धड नसतात, मग त्यांची पात्रं आपल्याला इतकी जवळची का वाटतात?

तुमच्या प्रश्नातला 'मग' मला पटत नाही. संसार नीट करणं आणि कागदावर माणूस उभा करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. नाती बिघडली की पात्रं चांगली उतरतात, असंही नाही. तसं असतं तर आमच्या घरातून चार कादंबरीकार निघाले असते.

इंग्रज कादंबरीकार डिकन्सचं बघा. विशीच्या आसपास तो मारिया बीडनेल नावाच्या मुलीच्या पार प्रेमात होता. १८३३ मध्ये ते प्रकरण संपलं. पुढे 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये ती डोरा होऊन आली: गोड, लाडावलेली, हिशेबाची वही उघडली की रडकुंडीला येणारी. १८५५ मध्ये अचानक मारियाचं पत्र आलं. आता ती चाळिशी ओलांडलेली, संसारी बाई. मी लठ्ठ, म्हातारी, कुरूप झालेय, असं तिनं आधीच कळवलं होतं. डिकन्सला ते खरं वाटेना. पत्रापत्रीत जुनं प्रेम उफाळून आलं. मग प्रत्यक्ष भेट झाली आणि गडी पुढच्या भेटी टाळायला लागला. त्याच वर्षाच्या शेवटी सुरू झालेल्या 'लिटल डॉरिट'मध्ये फ्लोरा फिंचिंग आली: अंगानं सुटलेली, स्वल्पविराम न घेता बोलत सुटणारी, अजूनही षोडशीसारखी लाडात येणारी.

हा क्षुद्रपणा झाला, यात मला शंका नाही. (तीनच वर्षांत, दहा मुलं झाल्यावर, तो बायकोपासूनही वेगळा झाला.) पण फ्लोरा वाचताना आधी हसू येतं आणि मग हळूहळू ते ओसरतं. आपण पूर्वीच्या राहिलो नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. बडबड चालते ती त्यावर पांघरूण घालायला. कादंबरीची नायिका, गरीब एमी, तिला ती शिवणकाम देते, मायेनं वागवते. समोर बसलेल्या मारियाशी जे औदार्य डिकन्सला जमलं नाही, ते लिहायला बसल्यावर जमलं. समोरचं माणूस आपल्याकडून काहीतरी मागत असतं, वाट बघत असतं. पात्र काहीच मागत नाही.

रशियन कादंबरीकार टॉल्स्टॉयनं लग्नाआधी आपल्या डायऱ्या होणाऱ्या बायकोला, सोफियाला, वाचायला दिल्या, जुन्या लफड्यांसकट. तो चौतीस वर्षांचा, ती अठराची. त्याच्या 'ॲना कॅरेनिना' कादंबरीत लेविनही होणाऱ्या बायकोला, किटीला, डायरी देतो आणि तीही रडते. पण तिथे लेविनच्या मनात काय चाललंय ते आपण ऐकत असतो, म्हणून त्याला माफ करतो. सोफियाच्या हातात नुसती वही होती. आपल्याला पात्रं जवळची वाटतात ती याचमुळे, असं मला वाटतं. घरच्या माणसाचं आपल्याला फक्त बोलणं ऐकू येतं, तेही बहुतेक वेळा चढ्या आवाजातलं.

मी स्वतः हौशी. एकदा एक कथा लिहिली, त्यातला प्रत्येक वादात शेवटचा शब्द स्वतःचाच ठेवणारा माणूस सरळसरळ माझ्या दादावरून उचललेला. त्याची ती भुवई उडवायची लकबसुद्धा. धाकधुकीतच त्याला वाचायला दिली. शेवटपर्यंत वाचून तो खूश होऊन म्हणाला, "हा आपला मामा ना? अगदी हुबेहूब उतरलाय!"

मी हो म्हणून टाकलं.