लेकीला मनरोव्हियात काम करायचंय

प्रश्न : मुलगी मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. लायबेरियातल्या गुन्हेगार तरुणांवरचा प्रयोग वर्गात ऐकल्यापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणून धोशा लावलाय. यात करिअर आहे का? – एक पालक, सातारा

उत्तर : आहे, पण तिच्या डोक्यात असेल ते नव्हे.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया इथे, या प्रयोगासाठी चोऱ्या-मारामाऱ्यांत अडकलेले 999 तरुण घेतले होते. चिठ्ठ्या काढून काहींना आठ आठवडे थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी), काहींना 200 डॉलर रोख, काहींना थेरपीनंतर रोख आणि उरलेल्यांना काहीच नाही. वीसेक जणांचा गट, आठवड्यातून तीनदा. गृहपाठ काय, तर केस कापून, स्वच्छ कपडे घालून बँकेत किंवा दुकानात जायचं आणि तिथे कसं वागवलं ते गटात येऊन सांगायचं. नुसत्या पैशाचा किंवा नुसत्या थेरपीचा परिणाम ओसरत गेला. दोन्ही मिळालेल्यांत मात्र दहा वर्षांनीही गुन्हेगारी वागणं, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. पैशामुळे नवं वागणं आणखी काही महिने गिरवता आलं, असा संशोधकांचा तर्क आहे.

हे गट चालवले नेपी या तिथल्याच संस्थेच्या माणसांनी. त्यांतले कित्येक स्वतः तिथल्या यादवी युद्धातले माजी लढवय्ये. ती जागा साताऱ्याहून गेलेल्या पदवीधराची नाही. बाहेरच्यांना काम मिळतं ते प्रयोगाच्या आखणीत आणि परिणामांच्या मोजणीत. मोजणी म्हणजे नुसतं एक्सेल नव्हे बरं का! तरुण खरं बोलतात का हे पडताळायला सुमारे 240 जणांबरोबर माणसं कित्येक दिवस उठबस करत होती. चोरी, जुगार, नशा पोरांनी सरळ सांगितलं होतं. खर्च मात्र कमी करून सांगितला होता. यात तिला गोडी वाटली, तर पुढचं वाचा.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था इथून समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. सोबत संख्याशास्त्र आणि स्टाटा किंवा आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर. बहुतेक मुलं इथेच कंटाळतात. मग दोन वर्षं इथलंच काम : कैदी आणि सुटलेल्यांसाठी टाटा संस्थेचा ‘प्रयास’, किंवा जे-पाल साउथ एशियासारख्या, सामाजिक योजनांचा परिणाम मोजणाऱ्या संस्थांची सर्वेक्षणं. लायबेरियात इंग्रजी चालते, शेजारच्या गिनी आणि आयव्हरी कोस्टला फ्रेंच लागते. नोकऱ्या बहुधा वर्ष-दोन वर्षांच्या करारावर असतात; निधी संपला की पगार संपला. स्वखर्चाने परदेशी ‘इंटर्नशिप’ विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

थेरपिस्टच व्हायचं असेल तर वाट वेगळी : क्लिनिकल सायकॉलॉजी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी तिला जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथे) महिनाभर जाऊ द्या. परवानगीसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा अर्ज परीक्षेच्या आधीच टाका.