कोषाध्यक्ष वारले, खातं अडकलं: कुलूप लावण्याआधी चेंज रिपोर्टची साखळी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. गावच्या ड वर्ग वाचनालयाचे (म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या) कोषाध्यक्ष वारले. बँक म्हणते, सह्या बदलायच्या तर नवीन कार्यकारिणीची धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली नोंद आणा. तिथे कागदोपत्री अजून जुनीच मंडळी. अनुदानाचा हप्ता खात्यात पडून आहे, आणि समितीतले काही जण म्हणतायत की हल्ली वाचतंय कोण, बंदच करू. आमच्या वाचनालयावर हीच वेळ आली होती. मी तेव्हा कार्यवाह होतो.

मी वकील नाही, आणि जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत थोडी वेगळी असते. तेवढं धरून वाचा.

वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण, तपासणी हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. खरी गाठ चेंज रिपोर्टची, म्हणजे धर्मादाय कार्यालयाला बदल कळवण्याच्या अर्जाची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो द्यायचा असतो. तुमची आत्ताची निवड कितीही नियमाने झालेली असो, मधल्या एखाद्या निवडणुकीचा रिपोर्ट दिलेलाच नसेल किंवा निकाली निघाला नसेल, तर नवा रिपोर्ट तिथेच अडतो. म्हणून आधी परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादायकडे तुमच्या संस्थेची नोंद असते त्या पानाचा, प्रमाणित उतारा काढा. त्यावर शेवटची नावं कुणाची आहेत ते बघा आणि तिथून आजपर्यंतची प्रत्येक निवड ओळीने मांडा. उशीर झालेल्या प्रत्येक रिपोर्टसोबत विलंब माफीचा अर्ज जोडा.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते एका कार्यालयाने. नाव घेत नाही. फाईल दिली की एक त्रुटी काढायची, ती पुरी केली की पुढची. आधी मृत्यूचा दाखला, मग नव्या सदस्यांची संमतीपत्रं, मग संस्थेच्या घटनेची प्रत. सगळ्या त्रुटी एकदम सांगा, अशी आम्ही हात जोडून विनंती केली, तरी नाही. शेवटी मागितलं काय, तर जुन्या सर्वसाधारण सभेची सूचना सभासदांना पोचल्याचा पुरावा. आमच्या गावात सूचना वही घेऊन शिपाई घरोघर जायचा, सभासद सही करायचे. ती वही गोदरेजच्या कपाटात तळाशी सापडली. कसरीने समास खाल्ला होता, पण तारीख आणि सह्या शाबूत होत्या. टेबलावरच्या माणसाने पान उलटलंसुद्धा नाही. म्हणाला, पोस्टाच्या पावत्या आणा. हयात सभासदांची सूचना मिळाल्याची प्रतिज्ञापत्रं आणि वहीच्या साक्षांकित प्रती दिल्या, तेव्हा काम पुढे सरकलं. तोवर ग्रंथपालबाईंचा पगार थकलेला. त्यांनी एक दिवस वाचनालय बंद ठेवलं नाही. त्यांना काय सांगायचं, हेच कळत नव्हतं. आजही आठवलं की संताप होतो.

तेव्हा तुमच्याकडची सूचना वही, इतिवृत्त आणि उपस्थितीच्या सह्या आजच हुडकून स्कॅन करून ठेवा. प्रत्येक कागद आवक शिक्का घेऊनच द्या. तोंडी सांगितलेली त्रुटी लेखी मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात फाईलची सद्यस्थिती विचारा. ‘साहेबांशी ओळख आहे’ म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. धर्मादायचं नियमित काम करणारा वकील गाठा, तो परवडतो. रिपोर्ट दाखल केल्याची पोच जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडेही द्या, म्हणजे पुढच्या हप्त्याच्या वेळी तुमची बाजू कागदावर असते. आणि एकदा सह्या बदलल्या की खातं तिघांपैकी कुणाही दोघांच्या सहीने चालेल असा ठराव करून घ्या.

बंद करायचं तर मनातूनही काढा. २०१२ नंतर वर्षानुवर्षं वाचनालयांना नव्या सरकारी मान्यता बंद होत्या. हातातली मान्यता गेली तर गावाला ती परत मिळेल याचा भरवसा नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने सरकारने वाचनालयांची जबाबदारी स्वतःवर घेतलीय. पण पैसे बघा. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाला वर्षाला ४८ हजार झाले. त्यातले निम्मे पगारावर धरले तर महिन्याला दोन हजार. दोन हजारांत माणूस रोज वाचनालय उघडतो, आणि वर आपण विचारतो की वाचक का येत नाहीत! माझं मत स्पष्ट आहे: पगार वेगळा आणि थेट दिल्याशिवाय गावातली वाचनालयं टिकायची नाहीत.

वाचनालयात अभ्यासिका काढावी का, असंही विचारलंत. जरूर काढा, पोलीस भरती आणि एमपीएससीच्या मुलांना घरात बसायला जागा नसते. फक्त त्यांना सभासद करून घ्या आणि अख्खी खोली देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका वाचनालयात कथा-कादंबऱ्यांची कपाटं भिंतीकडे तोंड करून ठेवली, खुर्च्या बसाव्यात म्हणून. बायका आणि म्हातारी माणसं यायची थांबली. निदान संध्याकाळचे दोन तास देवघेवीचं टेबल मोकळं ठेवा.

भेट म्हणून येणारी पुस्तकं आली तशी दाखल करू नका. जुनी गाईडं आणि बाद झालेली पाठ्यपुस्तकं दाखल नोंदवहीत चढली की रद्द करायला रीतसर ठराव लागतो आणि तोवर तपासणीत मोजून दाखवावी लागतात. नव्या पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, जिल्हा कार्यालयात चौकशी करा. खातं सुटेपर्यंत मात्र त्यात पडू नका, मदत आली तरी हिशेबाला तीच अडचण येईल.

परिशिष्टाचा उतारा हातात आला की त्यावरची शेवटची तारीख आणि तुमच्या घटनेतलं निवडणुकीचं कलम इथे टाका, नावं झाकून. किती रिपोर्ट द्यावे लागतील ते त्यावरून मोजता येईल.