धिंड कोणत्या कलमात बसते?

प्रश्न : कोयते नाचवत वाहने फोडणाऱ्या टोळक्यांना सामान्य माणूस विटला आहे. अशा आरोपींना त्यांच्याच गल्लीतून फिरवल्याच्या, गुडघ्यांवर बसवून माफी मागायला लावल्याच्या चित्रफिती पाहिल्या की मला समाधान वाटते. वकिली करणारे माझे मेहुणे मात्र हे घटनाबाह्य असल्याचे सांगतात. ज्यांनी दुसऱ्याच्या प्रतिष्ठेची पर्वा केली नाही, त्यांची प्रतिष्ठा राज्याने का जपावी?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपला संताप रास्त आहे, पण मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये मृत्युदंड, जन्मठेप, सश्रम अथवा साधा कारावास, मालमत्ता जप्ती, दंड आणि सामुदायिक सेवा एवढ्याच शिक्षा आहेत. धिंड त्यांत नाही. शिवाय जी शिक्षा द्यायची ती न्यायालयाने, आरोपीचे म्हणणे ऐकून, गुन्हा सिद्ध झाल्यावर द्यायची असते. पंचनाम्यासाठी आरोपीला घटनास्थळी नेणे हा तपासाचा भाग झाला. वाटेत गर्दी जमवून त्याला हात जोडायला लावणे हा तपास नव्हे.

अटक व तपासाची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सराईत गुन्हेगार आणि खून, बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांतील आरोपींना बेड्या घालण्याची मुभा दिली आहे, हे खरे. परंतु त्याच संहितेचे कलम ४६ सांगते की, पळून जाऊ नये यासाठी आवश्यक त्याहून अधिक बंधन अटक केलेल्या व्यक्तीवर घालता येत नाही. सरसकट बेड्या घालणे अमानुष असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सांगितले होते.

आपल्या प्रश्नाचा गाभा मात्र कलमांच्या पलीकडचा आहे. प्रतिष्ठा ही चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी बक्षिसी असती, तर ती कोणाला द्यायची आणि कोणाची काढून घ्यायची हे त्या त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांनी ठरवले असते. नाझी राजवटीत नेमके तेच घडले, म्हणून १९४९ च्या जर्मन राज्यघटनेने पहिल्याच कलमात मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय ठरवून तिचे रक्षण हे सर्व राज्यसत्तेचे कर्तव्य मानले. आपल्या उद्देशिकेतही बंधुतेला जोडूनच ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ येते, आणि तिथे ‘सज्जन व्यक्तीची’ असे म्हटलेले नाही. बघ्यांच्या टाळ्या हा तर निकषच होऊ शकत नाही : २ मार्च १९३० रोजी आपल्याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा गावातील वजनदार मंडळी दार बंद ठेवणाऱ्यांच्या बाजूला होती.

एक व्यावहारिक बाबही ध्यानात घ्यावी, कारण चित्रफिती पाहताना ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने अनेकांमधून आरोपीला ओळखण्याची चाचणी, व्हायची असेल तर आरोपीला बुरखा घालून नेतात, साक्षीदाराने त्याला आधी पाहू नये म्हणून. ज्याचा चेहरा गावभर मोबाइलवर फिरला, त्याला परेडमध्ये ओळखले या पुराव्याला बचाव पक्षाचा वकील सहज सुरुंग लावतो, आणि आपल्याला समाधान देणारी तीच चित्रफीत आरोपीच्या सुटकेला हातभार लावू शकते.

आपल्या भागातील दहशत मोडायची असेल, तर साक्षीदारांना संरक्षण मिळावे असा आग्रह धरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार, धमकी येत असल्यास साक्षीदाराला त्यासाठी अर्ज करता येतो. तो कसा करायचा, हे आपले मेहुणेच सांगू शकतील.